मोकळ्या तारांतला भूप

गिटार नीट सुरात लावा आणि डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता सहाही तारा वरून खाली एकेक करून छेडा. जाडीपासून बारकीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. कॉर्ड म्हणावी तर ती पुरी होत नाही, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. पण कानाला कुठे खुपतही नाही. आता हेच स्वर जीपासून चढत्या क्रमाने लावा: जी, ए, बी, डी, ई. जीला सा माना, म्हणजे सा रे ग प ध. हा भूप झाला. पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांचं स्केल शिकायला निघालेला माणूस पाचव्या फ्रेटवरचा, म्हणजे मानेवरच्या पाचव्या घरातला नकाशा पाठ करायला बसतो. तेच स्केल दुकानातून आणलेल्या दिवसापासून मोकळ्या तारांमध्ये पडून असतं.

हे असं का होतं? भूप तयार होतो तो पंचमावर पंचम रचून. साचा पंचम प. त्या पला सा मानलं तर त्याचा पंचम रे. रेचा ध आणि धचा ग. चार उड्यांत पाच स्वर, सगळे एकमेकांशी षड्ज-पंचम भावाने बांधलेले. गिटारच्या तारा याच साखळीवर उलट्या दिशेने चालतात. ई ते ए, ए ते डी, डी ते जी अशी प्रत्येक वेळी सा-म इतकी उडी आहे, आणि बी ते ई हीसुद्धा तेवढीच. फक्त जी ते बी ही उडी सा ते शुद्ध ग एवढी. बाकीच्या ठिकाणी पाच फ्रेट आणि इथे चार. ही एका फ्रेटची तूट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे नकाशा दुसऱ्या तारेवर, म्हणजे बीवर आला की अचानक एका घराने सरकतो आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं. त्याचं काही चुकलेलं नसतं. तारच तशी लावलेली असते.

पाच स्वरांच्या या कुटुंबात अर्ध्या स्वरावर खेटून बसलेली एकही जोडी नाही. म आणि नि हे दोन स्वर वगळले की ग-म आणि नि-सा या दोन्ही जोड्या जातात आणि म-निमधला ताणही जातो. म्हणूनच यातला कुठलाही स्वर कुठल्याही स्वरावर पडला तरी खटका उडत नाही. पाच स्वर घेतले की आपोआप असं होतं, हा मात्र गैरसमज आहे. हंसध्वनीतही पाचच स्वर, पण त्यात नि-साची जोडी आहे. शिवरंजनीत रे आणि कोमल ग शेजारी आहेत. ते रागही औडव, म्हणजे पाच स्वरांचेच, पण गिटारवाले ज्याला नुसतं पेंटाटॉनिक म्हणतात ते वेगळं.

तर सुरुवात पाचव्या फ्रेटवर न करता तळाशी, नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपाशी करावी. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर मोकळा आणि ३ (आकडा फ्रेटच्या घराचा). पाचवीवर मोकळा आणि २. चौथीवर मोकळा आणि २. तिसरीवर मोकळा आणि २. दुसरीवर मोकळा आणि ३. पहिलीवर मोकळा आणि ३. एकूण बारा जागा, त्यातल्या सहा आयत्या. २ च्या घरात मधलं बोट, ३ च्या घरात अनामिका, एवढंच. तर्जनीला काम नाही. तिने तारांवर हलकेच टेकून नको त्या तारा गप्प ठेवायच्या.

इथे पहिली अडचण येते ती आवाज राहून जाण्याची. मोकळी तार वाजवून पुढच्या तारेवर गेलो तरी मागची वाजतच राहते, आणि चार स्वर झाले की सगळं एकमेकांत कालवतं. जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेने, ब्रिजच्या (तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीच्या) जरा पुढे, दाबून बंद करायच्या. बारीक तारा डाव्या बोटांच्या पोटाने. दुसरी अडचण खरखरीची. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, पण तिच्या मागे हवं. घराच्या मध्यावर दाबलं तर तार पट्टीवर नीट बसत नाही, मग माणूस आणखी जोर लावतो. जोर वाढला की तार खाली वाकते आणि स्वर चढतो. त्यात बोट तिरकं पडून तार बाजूला ओढली गेली तर आणखी चढतो. ट्यूनर लावून सहाव्या तारेवरचा तिसरा फ्रेट एकदा हलक्या हाताने आणि एकदा मुठी आवळून दाबून पाहा. काटा हललेला दिसेल. बेसूर वाजण्याचं कारण पुष्कळदा खुंट्यांमध्ये नसून अंगठ्याच्या पकडीत असतं.

हे बारा स्वर वर-खाली न अडखळता यायला आठवडा पुरतो. आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू होते. बोटांना रस्ता कळलेला असतो, आपण कुठे आहोत ते कानाला कळलेलं नसतं. सहाव्या तारेवरून सुरू करून पहिल्या तारेवर संपवायचं आणि परत खाली यायचं, असं शंभर वेळा केलं की जिना चढल्या-उतरल्याचा आवाज येतो. गाणं येत नाही. याचं कारण साधं आहे. गायला बसताना आधी तंबोरा लागतो, मग पहिला सा. गिटारवर बसताना आधी घरांचे आकडे येतात आणि सा कुठला ते कोणी विचारतच नाही. पेंटाटॉनिकबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर मी ही सांगेन: नकाशा एकच राहतो, पण सा बदलला की राग बदलतो. ज्याला आपण कुठल्या साच्या घरात आहोत हे ऐकू येत नाही, त्याला स्केल आलेलं नाही, मग बोटं कितीही वेगाने फिरोत.

आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. गिटार हे मूर्च्छना समजून घ्यायला फार सोयीचं वाद्य आहे, कारण हे पाचही स्वर मोकळ्या तारांत असल्यामुळे प्रत्येक साला त्याचा तंबोरा आयता मिळतो. वरचे बारा स्वर तसेच ठेवा, घरं बदलू नका. फक्त दोन मोकळ्या तारा अधूनमधून छेडत राहा.

सहावी तार वाजती ठेवा. ई झाला सा, आणि मोकळी दुसरी तार, बी, हा त्याचा पंचम. आता स्वर होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि. ही धानी. गिटारच्या पुस्तकांत मायनर पेंटाटॉनिक म्हणतात ते हेच.

पाचवी तार, ए, सा धरा. पंचम सहाव्या तारेवर, खर्जात. सा रे म प आणि कोमल नि, म्हणजे मधमाद सारंग. तिसरी मोकळी, चौथीवर २, चौथी मोकळी, पाचवीवर २: हे झालं नि प, म रे. या चार स्वरांतच दुपारचं ऊन उतरतं. तेच चार स्वर मघाशी ईच्या धानीत ग, सा, नि, प असे होते आणि त्यांचा सारंगाशी काही संबंध नव्हता.

चौथी तार, डी, सा धरा, पंचम पाचवीवर. सा रे म प ध, हा दुर्गा. दुसरी मोकळी, तिसरी मोकळी, चौथीवर २: ध म रे. पंचम ओलांडून धवरून थेट मवर उतरणं ही दुर्ग्याची खूण, आणि गिटारवर त्यासाठी एका बोटाचं काम आहे.

तिसरी तार, जी, सा धरला की पंचम चौथीवर, आणि हा भूप. राहिली दुसरी तार, बी. तिथे मालकंस आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

गंमत म्हणजे या पाच जणांना थाटांच्या पद्धतीत एकाच घरात जागा नाही. भूप कल्याण थाटात, दुर्गा बिलावलमध्ये, धानी आणि मधमाद सारंग काफीत, मालकंस भैरवीत. स्वरांचे पट्टे तेच, पण कुणाला सा मानलं त्यावर कुळ ठरतं. वीस मिनिटं अशी मोकळी तार बदलत तेच बारा स्वर वाजवून पाहिले की जी समज येते, ती नुसत्या पाच आकृत्या पाठ करून महिन्यातही येत नाही.

भूपावर जरा थांबू. मोकळ्या तिसऱ्या तारेवर सा धरला की मंद्रातला ध चौथ्या तारेच्या दुसऱ्या घरात, रे तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात, ग मोकळी दुसरी तार, प दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या घरात, ध मोकळी पहिली तार. भूपाची ओळखीची पकड ग, रे, सा ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे, सा. तारा आणि घरं अशी येतात: दुसरी मोकळी, तिसरीवर २, मग तिसरी मोकळी आणि चौथीवर २. पुन्हा तिसरी मोकळी, तिसरीवर २, दुसरी मोकळी. मग दुसरीवर ३ आणि दुसरी मोकळी. मग पहिली मोकळी, दुसरीवर ३, दुसरी मोकळी. शेवटी तिसरीवर २, तिसरी मोकळी. स्वल्पविराम आहे तिथे खरंच थांबायचं. गवर तर मुक्काम करायचा, तो वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर आहे.

असं वाजवलं की स्वर बरोबर येतात, पण काहीतरी कोरडं राहतं. पवरून ग येतो तो टक्कन येतो. गाणारा तिथे मींड घेतो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत येतो, आणि मोकळ्या तारेवर मींड घेता येत नाही, कारण तिथे दाबायला काही नसतंच. म्हणून ग मोकळ्या दुसऱ्या तारेवरून उचलून तिसऱ्या तारेच्या चौथ्या घरात न्यायचा. स्वर तोच, बी. आता तिसऱ्या एकाच तारेवर सा मोकळा, रे २, ग ४, प ७, ध ९, सा १२. अनामिका ७ वर ठेवून छेडा, आणि बोट न उचलता ४ वर घसरत या. दाब इतकाच ठेवा की तार पट्ट्यांवर टेकलेली राहील. दाब सुटला तर घसरताना आवाज मरतो, फार झाला तर प्रत्येक पट्टी ठक ठक ऐकू येते. १२ वरून ९, म्हणजे साहून धवर येणारी मींडही अशीच. या दोन मींडी जमल्या की गिटार थोडी गायला लागते.

हा एका तारेचा प्रवास फार मोलाचा आहे. सतारिया मुख्यतः बाजाच्या एका तारेवरच लांबवर फिरतो, त्यामुळे स्वरांमधली अंतरं त्याच्या हातात मोजलेली असतात. गिटारवर आपण आडवे फिरतो, तार बदलत, आणि अंतर झाकलं जातं. पहिल्या तारेवर ईची धानी वाजवून पाहा: मोकळी, ३, ५, ७, १०, १२. अंतरं तीन, दोन, दोन, तीन, दोन. भूपाची दोन, दोन, तीन, दोन, तीन. चक्र तेच आहे, सुरुवात वेगळी. हे एवढं पाठ असलं की कुठल्याही तारेवर, कुठल्याही घरापासून स्केल उभं करता येतं, नकाशा बघावा लागत नाही. पाच बॉक्स, म्हणजे मानेवरचे पाच नकाशे शिकू नयेत असं नाही. पण आधी सहाही तारांवर हा उभा रस्ता चालून घ्यावा आणि मग बॉक्सकडे वळावं. उलट केलं की माणूस पहिल्या बॉक्समध्ये वर्षानुवर्षं राहतो.

गायला साथ करायची असेल तर एक बारीक गोष्ट. जीचा भूप म्हणजे हार्मोनियमची पांढरी पाच. पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की काळी चार, तिसऱ्या घरात लावला की काळी पाच. बोटं तीच राहतात.

सुराबद्दलही इथेच सांगायला हवं. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, एक घर म्हणजे १०० सेंट. त्यामुळे साहून ग ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येतो तो गंधार सुमारे ३८६ वर असतो. म्हणजे भूपाचा वादी स्वरच १४ सेंट चढा. तंबोऱ्याच्या अॅपबरोबर वाजवताना ग थोडा टोचतो तो यामुळे. मग काहीजण दुसरी तार जरा उतरवून लावतात. मोकळा ग सुंदर लागतो खरा, पण त्याच तारेच्या तिसऱ्या घरातला प तेवढाच उतरतो, आणि पंचमातली चूक गंधारातल्या चुकीपेक्षा फार वाईट ऐकू येते. समान वाटपात पंचम फक्त दोन सेंटांनी कमी आहे, त्याला हात लावू नये. तार उतरवायचीच असेल तर त्या तारेवर फक्त मोकळा ग वाजवा आणि प तिसऱ्या तारेच्या सातव्या घरात घ्या.

आता पाचव्या फ्रेटवर जाऊ, कारण तार ओढायची तर ती तिथेच ओढता येते. नटच्या जवळ तार बाजूला खेचायला फार जोर लागतो, आणि मोकळी तार तर खेचताच येत नाही. मघाचा नकाशा पाच घरं वर सरकवला की एची धानी मिळते, मोकळ्या तारांच्या जागी पाचवं घर येतं. सहावीवर ५ आणि ८, पाचवी, चौथी, तिसरीवर ५ आणि ७, दुसरी आणि पहिलीवर ५ आणि ८. ५ ला तर्जनी, ७ ला अनामिका, ८ ला करंगळी. करंगळीचा कंटाळा करून अनामिकेनेच ८ गाठायची सवय लागली की वेग वाढवताना हात उड्या मारू लागतो. दुसऱ्या तारेवर ८ वर तार खेचायची असेल तेव्हा मात्र अनामिकाच हवी, तिच्यात जोर आहे.

हा बॉक्स जगभर ओळखीचा झाला तो ब्लूजमुळे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यामुळे. त्या गाण्यात गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोहोंच्या मध्ये कुठेतरी डोलतो. पियानोवर तो स्वर नाही. गिटारवर तो तार खेचून काढावा लागतो. मिसिसिपीत १९२५ साली जन्मलेल्या ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांचा नातलग बुक्का व्हाइट नळी घसरवून गिटार वाजवायचा. तो आवाज किंग यांना हवा होता, पण नळी त्यांच्या हाती बसली नाही, म्हणून तार खेचून आणि मनगट हलवून ते त्याच्या जवळ गेले. त्यांचा तो कंप पुढे किती गिटारवादकांनी उचलला याची गणती नाही.

तार खेचण्याची कृती अशी. तिसरी तार, सातवं घर, डी. अनामिका त्यावर, तिच्या मागे त्याच तारेवर मधलं बोट आणि तर्जनी आधाराला. अंगठा मानेवरून वर आलेला. आता बोटांनी ढकलायचं नाही. दाराची मूठ फिरवावी तसं मनगट फिरवायचं, तर्जनीचं मूळ मानेला टेकवून. तार वरच्या अंगाला जाते आणि स्वर डीवरून ईवर चढतो. तो ई बरोबर आला का हे ओळखायला दुसऱ्या तारेचं पाचवं घर आहे, तिथे हाच ई आहे. आधी तो वाजवा, मग खेचा, आणि शेवटी दोन्ही एकदम वाजवा. स्वर जवळ येतात तशा लाटा ऐकू येतात, त्या संथ होत होत थांबल्या की जुळलं. बहुतेकांची खेच थोडी कमी पडते, आणि कमी पडलेली खेच फारच बेसूर लागते. रोज दहा खेचा जुळवून घेतल्या तर महिन्याभरात मनगटाला अंतर कळतं.

आपल्याकडे शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातात अकूस्टिक गिटार असते, आणि तिथे हा सगळा खटाटोप अडतो. अकूस्टिकच्या नेहमीच्या संचात तिसरी तारही जाड तारांसारखी बारीक धातू गुंडाळलेली असते. ती ओढायला कठीण, आणि त्याच खेचीत तिचा स्वर साध्या तारेपेक्षा कमीच चढतो. बोटं सोलून निघतात आणि माणूस स्वतःला दोष देतो. इलेक्ट्रिकवर पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची असते, अकूस्टिकवर बहुधा ०.०१२. म्हणून अकूस्टिकवर तिसऱ्या तारेचा नाद सोडून दुसऱ्या तारेवर, आठव्या घरातला जी खेचून एवर न्यावा. तो पहिल्या तारेच्या पाचव्या घराशी जुळवून घेता येतो. तिसऱ्या तारेवर पूर्ण स्वर खेचण्याऐवजी ५ वरचा सी फक्त पाव स्वर उचलावा, तर्जनीने खाली जमिनीकडे ओढून. तेवढं अकूस्टिकवरही होतं, आणि ब्लूजला खरं तेवढंच हवं असतं.

हा पाव स्वर कुठे लागतो ते कळायला कॉर्ड ऐकाव्या लागतात. ब्लूजचं आवर्तन १२ बारचं, प्रत्येक बारात ४ मात्रा. एमध्ये ते असं चालतं: चार बार ए सेव्हन, दोन बार डी सेव्हन, दोन बार ए सेव्हन, मग एकेक बार ई सेव्हन, डी सेव्हन, ए सेव्हन आणि फिरून ई सेव्हन. वर पूर्णवेळ एचं मायनर पेंटाटॉनिक. ए सेव्हनमध्ये सी शार्प आहे, म्हणजे शुद्ध ग, आणि आपल्या स्केलमध्ये सी, कोमल ग. हे दोघे घासतात. त्या घासण्यातूनच ब्लूजची चव येते, पण सीवर नुसतं सरळ थांबलं तर चूकच वाटते, म्हणून तो थोडा उचलायचा. हाच सी डी सेव्हनवर मात्र अगदी घरचा आहे, त्या कॉर्डमध्येच तो असतो. तिथे न खेचता निवांत थांबावं. ई सेव्हनवर जीवर थांबू नये, कारण खाली जी शार्प वाजतोय. ई किंवा डी घ्यावा. म्हणजे स्केलमधला प्रत्येक स्वर कुठेही चालतो, हे अर्धंच खरं आहे. वाजवताना चालतो. थांबताना चालतोच असं नाही.

डी आणि ईच्या मध्ये आणखी एक स्वर घालतात: पाचव्या तारेवर ६, तिसऱ्या तारेवर ८. धानीच्या भाषेत म आणि पच्या मधला तीव्र मध्यम. जाता जाता घ्यायचा. त्यावर मुक्काम केला की सगळी बैठक मोडते.

मेजर पेंटाटॉनिकसाठी एक युक्ती सगळीकडे सांगितली जाते: मायनरचा नकाशा तीन घरं खाली सरकवा. एसाठी पाचव्या घराऐवजी दुसऱ्या घरावर. युक्ती बरोबर आहे, पण ती सांगताना पुढचं राहून जातं. नकाशा सरकला तसा सा तर्जनीखालून करंगळीखाली गेला, सहाव्या तारेवर २ ऐवजी ५ वर. बोटांना जुनी सवय असते, ती दर वेळी तर्जनीच्याच स्वरावर येऊन थांबतात, आणि भूप वाजवायला गेलेला माणूस एफ शार्पची धानी वाजवत बसतो. नकाशा सरकवला त्या दिवशी दर वाक्य मुद्दाम करंगळीवर संपवावं.

सरावाला मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला दोन स्वर. पिक खाली-वर, एकाआड एक. या स्केलमध्ये प्रत्येक तारेवर दोनच स्वर असल्याने दर तारेला खाली-वर अशी जोडी पुरी होते, हात आपोआप शिस्तीत राहतो. जिन्यासारखं वर-खाली करण्यापेक्षा पलटे घ्यावेत: सारेग, रेगप, गपध, पधसा. हार्मोनियमच्या क्लासला गेलेल्या कुणालाही हे तोंडपाठ असतं, आणि ते बोटांसोबत तोंडाने म्हणत वाजवलं की कान पुढे येतो. चार स्वर म्हणता येत नसतील तर ते चार अजून वाजवू नयेत. आणि श्वास घ्यावा. गाणाऱ्याला तो घ्यावाच लागतो, म्हणून त्याची वाक्यं तुटतात. गिटारवर दम लागत नाही, म्हणून स्वर संपतच नाहीत. दोन बार वाजवून दोन बार गप्प राहणं हा या वाद्यावरचा सर्वांत अवघड सराव आहे.

भूप आणि देसकार यांचं उदाहरण इथे नेहमी आठवतं. स्वर तेच, साही तोच, मूर्च्छनासुद्धा बदललेली नाही. भूपात गंधार वादी, धैवत संवादी (दुसरा महत्त्वाचा), वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकारात धैवत वादी, गंधार संवादी, आणि तो सकाळचा. भूप खालच्या अंगात रमतो, देसकार वरच्या. गिटारवर म्हणाल तर तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर गभोवती फिरत राहिलात तर भूप, पहिल्या तारेवर मोकळ्या धपाशी आणि त्याच्या वर तिसऱ्या घरातल्या साशी जास्त वेळ राहिलात तर देसकाराकडे ओढ लागते. पाच स्वरांच्या चौकटीला कंटाळलोय असं वाटेल त्या दिवशी चौकट बदलू नये, मुक्काम बदलून पाहावा.

आता राहिलेला मालकंस. दुसरी तार, बी, सा. मालकंसात पंचम नाही, म्हणून त्याला तंबोराही पंचमाचा चालत नाही, मध्यमाचा लावतात. बीचा मध्यम ई, म्हणजे पहिली मोकळी तार. म्हणजे वरच्या दोन तारा मिळून मालकंसाचा तंबोरा आधीच लागलेला आहे. हा तंबोरा वर आहे आणि गाणं खाली, जाड तारांवर, मंद्रात चालायचं. पिक बाजूला ठेवावा. तर्जनी आणि मधल्या बोटाने दुसरी आणि पहिली तार दर चार मात्रांना हलकी छेडावी, आणि अंगठ्याने पाचवी तार.

पाचव्या तारेवर सा २ वर, कोमल ग ५ वर, म ७ वर, कोमल ध १० वर, कोमल नि १२ वर. म ग, म ध नि ध, म, ग, सा. सगळं त्या एकाच तारेवर. ७ वरून ५ वर आणि ५ वरून २ वर बोट न उचलता घसरत यायचं. गुंडाळलेल्या तारेवर बोट घासल्याचा किंचित चरकण्याचा आवाज येतो. दाब जरा हलका करून सावकाश आलं तर तो बराच कमी होतो. शेवटची घसर तीन घरांची आहे, तिला घाई करू नये. मवर थांबून, वरच्या दोन तारा पुन्हा एकदा छेडून, मग गवर यावं, आणि ग विरायला लागला की साकडे निघावं. बोट दुसऱ्या घरात पोचेपर्यंत तारेत थोडाच आवाज उरलेला असतो, पण पाचव्या तारेवरचा तो बी येतो तेव्हा वरची मोकळी बी अजून वाजत असते, आणि दोघी एका सप्तकाच्या अंतरावर एकमेकींना मिळतात.